योजनेत बसते का?

सोयाबीनची सुडी लावून झाली होती. थ्रेशरवाला सकाळी येतो म्हणाला होता. त्याच रात्री संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावी काकांच्या छातीत कळ आली. १०८ ला फोन लागला, गाडी आली, ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघाला आणि तिथल्या तरुण डॉक्टरांनी पट्टी हातात धरूनच सांगितलं, "इथं थांबू नका." पहाटे आम्ही शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या काउंटरसमोर उभे होतो. काका आत स्ट्रेचरवर. काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हता. "कशातून करायचं? योजना, मेडिक्लेम की कॅश?"

काकूने पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. तीत रेशनकार्ड, दोघांचे आधार, सातबारा, बँकेचं पासबुक. तिने विचारलं, "योजनेत बसते का भाऊ?"

बुलढाणा जिल्ह्यात हे वाक्य रोज किती वेळा उच्चारलं जात असेल! घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडची माणसं ते छत्रपती संभाजीनगरच्या किंवा जालन्याच्या दवाखान्यात विचारतात. घाटाखाली शेगाव, खामगाव, संग्रामपूरची माणसं अकोल्यात विचारतात, मलकापूरची जळगावात. आजार मोठा निघाला की जिल्हा ओलांडायचा, ही इथली जुनी रीत. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झालं. तोवर जिल्ह्याला असं महाविद्यालयच नव्हतं. म्हणून बिलाची गोष्ट इथे नेहमी परक्या गावात, ओळखपाळख नसलेल्या काउंटरवर आणि पहाटेच घडते.

त्या पहाटे उत्तर मिळालं, "योजनेत बसतं, पण आमच्याकडे हार्टची योजना नाही. चाळीस हजार भरा, मग कॅथलॅबला घेतो." आम्ही भरले. एका चुलतभावाने फोनवरून पाठवले, उरलेले काकूच्या माहेरून आले. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, काका वाचले. पाचव्या दिवशी हातात आलेलं बिल दोन लाख दहा हजारांचं होतं. त्याच शहरात दुसऱ्या एका रुग्णालयात हेच काम योजनेतून झालं असतं, हे आम्हाला सहाव्या दिवशी कळलं. आणि योजनेत परतफेड नसते. एकदा रोख भरले की ते पैसे योजनेतून परत मागता येत नाहीत. ही एक ओळ आमच्या घरात कुणाला ठाऊक असती, तर काकांची त्या वर्षीची सगळी सोयाबीन घरात राहिली असती. मी पेशाने लिहिणारा माणूस, तरी मलाही ठाऊक नव्हती. त्यानंतरचं वर्ष मी ते 'बसणं' समजून घेण्यात घालवलं.

महाराष्ट्रात गरिबांसाठी जीवनदायी योजना आली १९९७ साली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, कर्करोग अशा मोजक्या मोठ्या आजारांपुरती. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत बुलढाणा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोचली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडली गेली. एवढं होऊनही पिवळं नि केशरी कार्ड असेल तरच ती लागू होती. आमच्या जिल्ह्याला मात्र एक वेगळी वाट होती. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या चौदा जिल्ह्यांची नावं देशभर झाली, त्या मराठवाडा-विदर्भातल्या जिल्ह्यांत शुभ्र कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून लाभ मिळत असे. त्या यादीत बुलढाणा आहे. काकू पिशवीत सातबारा ठेवायची तो तेव्हापासून. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने सगळ्याच रंगांच्या कार्डधारकांना योजना खुली केली. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांचं संरक्षण आणि तेव्हाच्या यादीत १,३५६ उपचार, असा तिचा आकार झाला.

५ लाख हा आकडा ऐकला की माणसाला वाटतं, आपल्या नावावर पाच लाख ठेवलेत. तसं नाही. योजना आजाराला पैसे देत नाही, यादीतल्या उपचाराला देते, आणि प्रत्येक उपचाराचं पॅकेज आधीच ठरलेलं असतं. त्या पॅकेजात तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, खाट, रुग्णाचं जेवण, घरी जायचं भाडं आणि सुटीनंतरच्या दहा दिवसांची तपासणी हे सगळं येतं. म्हणजे मंजुरी मिळाल्यावर "हे इंजेक्शन बाहेरून आणा, त्याचे पैसे वेगळे" असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे आणि तिथल्या तिथे आरोग्यमित्राला सांगायचं असतं. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. बहुधा ते मुख्य काउंटरवरून दिसत नाही, विचारावं लागतं. तो नसेल, किंवा असूनही बोलत नसेल, तर १५५३८८ हा क्रमांक आहे.

'बसत नाही' हे उत्तर तीन वेगळ्या गोष्टींसाठी दिलं जातं. पण आपण ते एकच समजून खाली मान घालतो. कधी तो उपचार यादीतच नसतो. कितीतरी साध्या भरत्या यादीबाहेर राहतात. कधी उपचार यादीत असतो, पण ते रुग्णालय त्या शाखेसाठी अंगीकृत नसतं. हाडांसाठी असतं आणि हृदयासाठी नसतं, जसं आमच्या वाट्याला आलं. आणि कधी उपचार सरकारी रुग्णालयासाठी राखून ठेवलेला असतो. म्हणून काउंटरवर एवढंच विचारायचं: "उपचार बसत नाही, की तुमच्याकडे बसत नाही?" तुमच्याकडे बसत नसेल, तर कुठे बसतं ते हेल्पलाइनवर कळतं. रुग्ण अत्यवस्थ असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून. हे त्या पहाटे कुणी सांगितलं असतं तर, असं काकू अजून म्हणते.

आमच्याकडे 'विमा' या शब्दाला एक जुना वास आहे. इथल्या शेतकऱ्याने विमा ओळखला तो पिकाचा. पाऊस पडला, शेत बुडालं, की बहात्तर तासांत ॲपवर तक्रार टाकायची आणि मग खात्यात काय येतं त्याची वाट पाहायची, अशी रीत होती. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं तो एक रुपयात मिळाला. त्यामुळे आरोग्य विमा घ्यायला सांगणाऱ्या एजंटला गावात पहिला सवाल येतो, "याचे पैसे निघतेत का?" प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, ग्रामीण भारतातल्या शंभरातल्या सुमारे ८६ माणसांना कसलंच आरोग्य-संरक्षण नव्हतं. त्याच पाहणीत ग्रामीण माणसाचा खासगी रुग्णालयातल्या एका भरतीचा सरासरी खर्च २७,३४७ रुपये आणि सरकारीतला ४,२९० रुपये निघाला. या दोन आकड्यांमधली दरी आमच्याकडे सोनं गहाण टाकून, बैल विकून किंवा उसनवारीने भरली जाते.

माझी स्वतःची पाच लाखांची पॉलिसी होती. दहा वर्षं हप्ता भरला, कागद एकदाही उलगडला नाही. काकांच्या दुखण्यानंतर दोन वर्षांनी माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया निघाली तेव्हा वाटलं, आता निवांत. खोली विचारली तेव्हा मी म्हणालो, कॅशलेस आहे, चांगली द्या. आठ हजार रुपये रोजाची दिली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच हजार. मला वाटत होतं, वरचे तीन हजार रोज मी भरेन. पाच दिवसांचे पंधरा हजार, हरकत नाही.

बिल झालं दोन लाख चाळीस हजार. खोलीचे चाळीस हजार. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून एक लाख वीस हजार. औषधं, तपासण्या, साहित्य ऐंशी हजार. कंपनीने खोलीचे पंचवीस हजार धरले. मग सर्जनपासून नर्सिंगपर्यंतचे एक लाख वीस हजारही पाच-अष्टमांश केले, म्हणजे पंचाहत्तर हजार. कारण रुग्णालय खोलीच्या दर्जाप्रमाणे बाकीची फी लावतं, आणि मी माझ्या पॉलिसीबाहेरच्या दर्जात राहिलो होतो. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयू यांना ती लागत नाही, विमा नियामकाने तसं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. हातमोजे, मास्क, फाइलचे पैसे असे सात हजार 'न देय' म्हणून गेले. कंपनीकडून आले एक लाख त्र्याहत्तर हजार, माझ्या खिशातून गेले सदुसष्ट हजार. खोलीचा फरक पंधरा हजारांचा होता; त्या खोलीमुळे कात्री लागली साठ हजारांची. हा हिशोब पॉलिसीच्या पानावर छापलेला होता. दोष मी कुणाला देणार?

पॉलिसी घेताना लोक विमा रक्कम आणि हप्ता एवढंच पाहतात. खरी पॉलिसी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असते. खोलीभाड्याला मर्यादा आहे का? को-पे, म्हणजे प्रत्येक बिलात आपला वाटा, किती? 'आरोग्य संजीवनी' या २०२० पासूनच्या प्रमाणित पॉलिसीत तो पाच टक्के आहे आणि मोतीबिंदूला वेगळी मर्यादा आहे. आधीपासूनचा मधुमेह-रक्तदाब लपवला का? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. एजंट म्हणतो, "लिहू नका, हप्ता वाढेल." ते ऐकू नका. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी माहिती दडवल्याचं कारण सांगू शकत नाही. तीन वर्षांची वाट पुढच्या नकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. त्याच वर्षीच्या नियमांनी कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि सुटीची मंजुरी तीन तासांत देणं कंपनीवर बंधनकारक केलं. पूर्वी डिस्चार्ज सकाळी लिहिला की माणूस संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहायचा, आणि कधी त्या दिवसाचंही भाडं लागायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, हेही नव्याने पॉलिसी घेणाऱ्याने हप्त्याच्या पावतीवर पाहावं.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो. आमच्या भागात या दारापर्यंत कुणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. नकाराचं पत्र इंग्रजीत येतं, माणूस ते कपाटात ठेवतो, संपलं.

आता ज्यांचं योजनेत बसत नाही आणि पॉलिसीही नाही, त्यांचं काय? त्यांना वाटतं, खासगी दवाखान्यात दर विचारायचा नसतो. डॉक्टर देवमाणूस, त्याला भाव कसा विचारावा? पण विचारायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून प्रत्येक खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि ठरावीक पंधरा बाबींचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. काकांच्या वेळी मी तो फलक शोधला होता. तो जिन्याखाली, व्हीलचेअरच्या मागे होता. त्याच दुरुस्तीने पैशासाठी मृतदेह अडवायला मनाई केली आणि स्थानिक पातळीवर तक्रार कक्ष ठेवायला सांगितला. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांना अर्ज देताना या नियमाचं नाव लिहिलं की अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं, हा माझा अनुभव.

दर ठरवता येतात, हेही आपण एकदा पाहिलं आहे. २१ मे २०२० ला राज्याने कोविडसाठी खासगी रुग्णालयांच्या ऐंशी टक्के खाटांचे दर बांधले: साधा वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर ९,००० रुपये रोज. पुढच्या वर्षी शहरांचे तीन गट झाले आणि छोट्या शहरांचा दर २,४००, ४,५०० आणि ५,४०० झाला. बिलांवर लेखापरीक्षक बसवले गेले. स्टेंटचंही तसंच. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. तोवर त्याची छापील किंमत लाखाच्या घरात असायची. पुढे ती कमी-जास्त होत राहिली, पण वाऱ्यावर सुटली नाही. बिलात स्टेंटचं नाव, कंपनी आणि किंमत वेगळी लिहून मागता येते. आम्ही मागितली. मिळाली.

दवाखान्याच्या बाजूनेही एक हिशोब आहे आणि तो मांडल्याशिवाय हे लिहिणं अर्धवट राहील. खामगाव, चिखली, मेहकरसारख्या गावांत पंधरा-वीस खाटांचे दवाखाने आहेत. इमारतीचं कर्ज, यंत्रांचे हप्ते, रात्रपाळीची नर्स, जनरेटरचं डिझेल. पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे महिनोन्महिने अडकतात, अशी तक्रार योजनेत असलेले डॉक्टर करतात. काहींनी त्यामुळे योजना सोडली. रुग्ण पाठवल्याबद्दल 'कट' देऊ करणारे फोन मोठ्या शहरातून येतात. न घेणाऱ्याकडे रुग्ण कमी होतात. डॉ. अरुण गद्रे यांनी 'कैफियत' या पुस्तकात अशाच प्रामाणिक डॉक्टरांची घुसमट नोंदवली आहे. २०१७ मध्ये राज्याने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला. तो कायदा झाला नाही. त्या प्रामाणिक डॉक्टरांसाठीही तो व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

घाटाखाली उतरलं की पूर्णेच्या दोन्ही काठांनी खारपाणपट्टा लागतो. विहिरीला पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या गावांत मूत्रपिंडाचे रुग्ण घराघरात भेटतात. गावकरी आणि त्यांना तपासणारे डॉक्टर दोघंही बोट दाखवतात ते पाण्याकडे. आमच्या गल्लीतल्या एका शेतमजुराचं डायलिसिस तीन वर्षं चाललं आहे. डायलिसिस योजनेत बसतं, सरकारी केंद्रात फुकट होतं, प्रत्यारोपणाची मर्यादाही साडेचार लाख केली आहे. त्याच्या घरात बिल नावाचा कागद नाही. तरीही ते घर खचलं. आठवड्यातून दोनदा जायचं-यायचं, सोबत बायको, म्हणजे दोघांचे चार रोज बुडतात. रक्त वाढवायचं इंजेक्शन कधी मिळतं, कधी विकत आणावं लागतं. दोन एकर बटाईने केलेली शेती सुटली. मी त्याला विचारलं, योजनेने काय दिलं? तो म्हणाला, "जीव देला ना भाऊ. बाकीचं पोट्टे पाह्यतीन." त्याची पोरं आठवीत आणि सहावीत आहेत.

आणखीही काही दारं आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं निःशुल्क आहे. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ ला बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हापासून आमच्याकडे रस्त्याची धास्ती आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखायच्या असतात; वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवलेला असेल तरच हे दार वेळेवर उघडतं. तो आजारी पडल्यावर काढायला गेलं की शनिवार-रविवार आडवा येतो.

काका आता बरे आहेत. गावात कुणाला बाहेर न्यायचं असलं की गाडीच्या आधी काकूला बोलावणं येतं. तिची प्लास्टिकची पिशवी जाऊन निळी फाइल आली आहे. तीत खिसे आहेत आणि पहिल्या खिशावर पेनने १५५३८८ लिहिलेलं आहे. गेल्या महिन्यात शेजारची म्हातारी सुनेला घेऊन आली. सून सात महिन्यांची गरोदर, डॉक्टरांनी जोखमीचं सांगितलेलं. म्हातारीने रेशनकार्ड पुढे केलं आणि विचारलं, "पाह्यना माय, बसते का हे?" काकूने चष्मा लावून नावं वाचली. म्हाताऱ्याचं, म्हातारीचं, लेकाचं. लग्नाला दोन वर्षं झाली, सुनेचं नाव कार्डावर चढलेलंच नव्हतं. माहेरच्या कार्डावरून ते कमी झालं होतं.

"उद्या तहसीलले जाऊ," काकू म्हणाली. "आधार घे तिचं, लग्नाचा दाखला घे. मी येतो संग." म्हातारीने विचारलं, उद्या कापूस वेचायचा आहे, परवा चालंल का? काकूने फाइल मिटली नाही. "कापसाले मी धाडतो दोन बाया," ती म्हणाली, "तू सकाळच्या एसटीले ये."